पुन्हा घोडी घ्यायची आहे. आजच्या गावात ती नीट सांभाळता येईल का?

बोरीचा बाजारकरी

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुका. वय छप्पन. सात एकर वावर, त्यातलं दोन एकर ओलिताचं, बाकी कोरडवाहू. पोरगा पुण्याला, पोरगी सासरी. घरी मी, बायको आणि एक बैलजोडी. गेली काही वर्षं मनात एकच घोळून राहिलं आहे, की पुन्हा घोडी घ्यायची. वरातीला भाड्यानं द्यायची नाही, शर्यतीत पळवायची नाही. घरची घोडी. सकाळी तिच्यावर बसून वावरात जायचं, संध्याकाळी खरारा करायचा, एवढंच.

घोडं मला नवं नाही. वडील कापडाचा बाजार करायचे. बोरी, लाडखेड, दारव्हा असे आठवडी बाजार आणि मधली खेडी. मैना नावाची तांबडी, काळ्या आयाळीची घोडी होती. जाताना तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गाठोडी आणि वडील लगाम धरून पायी. माल खपला की येताना तिच्यावर बसून यायचे. भरल्या गाठोड्यांवर आपण बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मी सहावी-सातवीत असल्यापासून तिचं सगळं माझ्याकडे आलं. हरभरा भिजवणं, पाणी दाखवणं, खुरातला चिखल काढणं, जखमेवर हळद-तेल. १९९६ साली ती विकली. वडिलांना लकवा झाला होता आणि बाजाराच्या वाटेवर काळी-पिवळी जीप धावायला लागली होती. त्यानंतर आमच्या कोठ्यात घोडं आलं नाही.

मध्यंतरी एका दलालानं एक घोडी दाखवली. बँडवाल्याकडची, पांढरी, नुकरी. नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांच्या कडांना गुलाबी कातडी. आठ वर्षांची म्हणून सांगितली. मी ओठ वर करून पाहिला. वरच्या जबड्यात कडेच्या दातावर हिरडीपासून एक तपकिरी खाच उतरते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला टोकाला पोचते. हिची खाच निम्म्याच्या खाली गेलेली होती. तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागी केस जाऊन कातडी जाड झालेली. पण पाय सरळ, डोळा शांत, आणि मी मानेवर हात ठेवला तशी तिनं डोकं खाली घेतलं. मला ती आवडली. म्हणूनच सौदा थांबवून आधी इथे विचारतो आहे.

माझी अडचण आहे ती घोडीभोवतीच्या सोयीची. मैना होती तेव्हा गावात घरोघरी ज्वारी, म्हणून घरोघरी कडबा. आता सोयाबीन, तूर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्श्याच्या, गंज्या पाहिजे तेवढ्या, पण कडब्याची एक चांगली पेंढी पाहायची तर दुसऱ्या गावी जावं लागतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तेव्हा हरळी असायची, पवन्या असायचं. विळा घेऊन गेलं की तासाभरात भारा. आता धुऱ्यावर तणनाशक मारतात. शेजाऱ्यानं कधी मारलं हे गवत पिवळं पडल्यावर कळतं, तोपर्यंत जनावराच्या पोटात जाऊन बसलेलं. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. तेव्हापासून मी बैलांनाही रस्त्याकडेचं गवत घालत नाही. ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, चराई होती, ती अतिक्रमणात गेली. नालबंद दारव्ह्याहून यायचा, त्याच्या घरी आता वेल्डिंगचं दुकान आहे. दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस, त्यांनी सरळ सांगितलं की गाई-म्हशी-बकऱ्यांचं सगळं करतो, घोडं हाताखालून फार कमी गेलं.

तर विचारायचं असं. कडबा मिळेना तर सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या कुटारावर घोडी राहील का? नालबंद नसताना खुरांचं काय करायचं? आमचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पंचेचाळीसच्या वर पारा जातो. त्यात गुलाबी कातडीची घोडी टिकते का? आणि मुख्य म्हणजे अशी उतारवयाची घोडी घ्यावी, की माळेगावच्या यात्रेतून चार-पाच वर्षांची तरुण आणावी?

घोडं प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांनी उत्तर द्यावं ही विनंती. "बुलेट घ्या" असं गावात पुष्कळ जणांनी सांगून झालं आहे.

---

निवृत्त पशुवैद्य, अकोला

तुम्ही दात पाहून वय काढलंत, ते बरोबर आहे. पंधरा ते अठरा धरा. ज्याला हे येतं त्याला घोडी सांभाळणं शिकवायची गरज नाही. मी फक्त तुमच्या काळी जे केलं जायचं नाही किंवा वेगळं केलं जायचं, तेवढं सांगतो.

आधी चारा. घोडं रवंथ करत नाही आणि त्याला ओकारी काढता येत नाही. पोट अंगाच्या मानानं लहान. म्हणून बैलाच्या हिशेबानं दोन वेळा गव्हाण भरून चालत नाही, थोडं थोडं दिवसभर तोंडात गेलं पाहिजे. कोरडा चारा वजनाच्या सुमारे दोन टक्के. वजन मापायला काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते किलोत वजन. घेर १६० आणि लांबी १५० असली तर साधारण ३२३ किलो. अशा घोडीला रोज सहा-साडेसहा किलो कोरडा चारा.

सोयाबीनचं कुटार मुख्य चारा म्हणून नको. काड्या जाड, धूळ फार, आणि मळणीच्या वेळी पाऊस लागला असेल तर बुरशी. म्हाताऱ्या घोडीचे दात झिजून वाकडे झालेले असतात, ते कुटार नीट चावलं जात नाही आणि आतड्यात गोळा होऊन अडकतं. हरभऱ्याचं कुटार थोडं, चाळून, पाणी शिंपडून चालेल. मूळ आधार कडबा किंवा वाळलेलं गवत हाच ठेवा. ओलिताच्या दोन एकरांतलं अर्धा एकर रब्बी ज्वारीला द्या, एका घोडीला मोठा आधार होतो. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी मात्र कधीच घालू नका. हत्तीगवत म्हणजे नेपियर लावायचा विचार मनात येईल, कारण ते भराभर वाढतं. त्यात ऑक्झलेट असतं, ते चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागू देत नाही. त्यावर गव्हाचा कोंडा भरपूर घातला की हाडं ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडं सुजून तोंड मोठं दिसायला लागतं. कोंडा मूठ-दोन मुठी ठीक. लसूणघास थोडा दिला तर चुन्याची भर पडते.

दुकानातलं गाईचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य घोडीला घालू नका, चव म्हणूनही नाही. त्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय निकामी करते. तुमच्या वडिलांच्या काळी हे खाद्य गावात नव्हतं, आता प्रत्येक कृषी केंद्रात आहे, म्हणून ठळक सांगतो.

पोटशूळ झाला की पूर्वी बांबूच्या नळ्यानं हिंग-ओवा-तेल पाजत. ते करू नका. घोटभर जरी श्वासनळीत गेलं तरी फुप्फुसाचा दाह होऊन घोडी जाते. दाणा-चारा काढून घ्या, हळूहळू चालवा, डॉक्टरला फोन करा. नाकातून पोटापर्यंत नळी घालायचं काम डॉक्टरचं.

धनुर्वाताची लस पहिल्या वेळी दोनदा, चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर दुसरं क्वचितच असेल, आणि आपल्या कोठ्यात शेण, माती, गंजका खिळा सगळंच असतं. पिसाळलेल्या कुत्र्यांमुळे रेबीजचीही लस द्या. पावसाळ्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो. येऊन-जाऊन ताप, खाऊनही वाळत जाणं, पोटाखाली आणि पायांवर सूज, मागचा भाग डगमगणं. असं दिसलं तर ताप असतानाच रक्त तपासायला द्या.

आणि सौद्याआधी एक गोष्ट कराच. ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसाला होतो, घोड्याला त्यावर उपचार करायचे नसतात. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवायचा आहे, आणि निदान पक्कं झालं तर जनावर मारावं लागतं. वरातीची घोडी गावोगाव फिरते, दहा ठिकाणच्या हौदांचं पाणी पिते. तुमच्या दवाखान्यातूनच रक्ताचा नमुना घेऊन तपासणीला पाठवता येतो, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. तुमचे डॉक्टर प्रामाणिक दिसतात. "मला घोड्याचा सराव कमी" असं सांगणारा डॉक्टर विचारून काम करतो. त्यांना सोडू नका.

---

वऱ्हाडी पागा

भाऊ, डाक्तरसायबाइनं औषधपाण्याचं सांगतलं, म्या खरेदीचं सांगतो. माह्याकडं आज तीन जनावरं हायेत, बाप-आजापासून.

चार-पाच वर्साची तरुण घोडी यात्रेतून आणू नका. तुमच्या हाताले सारं येते हे मले पटलं, पण तुमचं आंग अन् तिचं आंग दोघंही नवे असले का कोनं कोनाले शिकवावं? यात्रेत घोडं नाचते, दोन पायावर उभं राह्यते, चारपाईवर चढते, पाहनाऱ्याले वाटते काय जनावर हाये! घरी आनलं का ते जनावर टॅक्टर पाहून तार तोडते. सारंगखेड्याले तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत म्या बम येळा गेलो, मालेगावले, म्हंजे नांदेडच्या खंडोबाच्या माळेगावलेबी. थ्या जागी जाऊन पाहाच, पन पहिल्या साली पाह्याले जा, घ्याले नाई.

कोनतीबी घोडी घ्याची तर मालकाच्या घरी जाऊन, तेबी न सांगता, सकाळी जा. रातची लीद पाहा. घट्ट, गोळ्या-गोळ्याची पायजे. पानी पेते कशी पाहा. मंग तिले गोल काव्यावर दोन्हीकून चालवा, डाव्या अंगानं बरी चालनारी उजव्या अंगानं लंगडते कईकदा. गिट्टीच्या रस्त्यावर दुडकी चालवा. पाय नरम टाकत असन तर तिथंच कळते. चारी पाय उचलून पाहा, अन् आपन न सांगता मालकाले उचलाले लावा. जो मालक घोडीचा मांगचा पाय उचलाले भेते, त्याले ठाऊक असते तो काहून भेते.

राह्यली नुकरी. गुलाबी कातडीले उन्हाचा चटका बसते, नाकावर फोड येतेत, डोयातून पानी येते. पन म्हणून नुकरी इदर्भात जगतच नाई असं नाई. तिले सकाळी आठच्या आत काम, दिवसभर सावली. कोठ्याचे टिनं उंच ठिवा, अन् टिनावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाड थर टाका. आमच्याकडं टिनाखाली जो भपारा लागते थो पऱ्हाट्या टाकल्यावर निम्मा होते. पान्याचं टाकं सावलीत. उन्हाळ्यात एक घोडी चाळीस लिटरच्या वर पानी पेते, तापलेलं पानी थे तोंड लावत नाई अन् मंग पोट धरते.

वरातीची घोडी डीजेले, फटाक्याले, गर्दीले सरावलेली असते. तुमाले वावराच्या रस्त्यानं जाचं हाये. थे तुमाले पाडनार नाई. वय जास्त हाये म्हून किंमत पाडा, वय जास्त हाये म्हून घोडी सोडू नका.

---

नालबंदाचा नातू, कारंजा

काका, माझे आजोबा आणि वडील दोघेही हेच काम करायचे. मी आता स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, पण तीन-चार गावांतल्या घोड्यांचे पाय अजून मीच करतो.

तुमच्याकडे बैलांना पत्र्या मारणारा कोणी असेल, त्याच्याकडून घोडीला नाल मारून घेऊ नका. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन वेगळ्या पत्र्या, खिळा मारायची जाडीही वेगळी. घोड्याच्या खुराला बाहेरची भिंत असते आणि तिच्या आत पांढरी रेघ. खिळा त्या रेघेच्या बाहेर राहून वर तिरका निघाला पाहिजे. आत गेला की जिवंत मांसाला लागतो आणि घोडी महिनाभर लंगडी.

तुमची घोडी वावरात आणि मातीच्या पांदणीनं फिरणार असेल तर नाल मारूच नका. पण खूर वाढत राहतो. सहा ते आठ आठवड्यांनी कानशीनं घासून सारखा केलाच पाहिजे, नाहीतर पुढचा भाग लांबतो आणि सगळा ताण मागच्या शिरांवर येतो. हे तुम्ही स्वतः शिकू शकता. दर वेळी थोडंच घासायचं, एका बैठकीत सगळं काढायचं नाही. डांबरी रस्त्यावर रोज जाणार असाल तर मला सांगा, मग नालेचा विचार करू.

आपल्याकडे खुराचा खरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती खुराच्या तळव्यात भरते आणि तशीच राहते. तळव्यात मधे जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा सडतात. काळं पाणी आणि एक विशिष्ट घाण वास, एकदा आला की विसरत नाही. यावर औषधापेक्षा जागा महत्त्वाची. कोठ्यात घोडीची जागा फूटभर उंच करा, मुरूम टाका, पाणी टाकून धुम्मस करा, मागच्या बाजूला उतार द्या. सिमेंटचा कोबा नको, त्यावर घोडी बसत नाही आणि ढोपरं सोलतात. मुरूम महाग वाटला तरी एक ट्रॉली टाका. आणि दोन्ही वेळा खूर उचलून आकड्यानं साफ करायचा, खाच कोरडी करायची. रोज पाय उचलायची सवय राहिली की माझ्यासारखा माणूस आला तरी ती त्रास देत नाही.

बोरी मला लांब नाही. घोडी आली की कळवा.

---

सेलूकर

दादा, मी वर्धा जिल्ह्यातली, शाळेत शिकवते. कॉलेजात असताना एनसीसीत घोड्यावर बसत होते, मग लग्न, नोकरी, मुलं. पन्नाशीला आल्यावर शेतावर घोडी आणली. तुमचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण वरच्या सगळ्यांनी घोडीबद्दल लिहिलं, मला तुमच्याबद्दल लिहायचं आहे.

हातांना आठवतं हे खरं. मांड्यांना आणि कमरेला आठवत नाही. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की बसलो, जमलं. पण आपली कंबर कडक झालेली असते, आपण आसनावर आपटत राहतो आणि ते घोडीच्या पाठीवर पडतं. तिची पाठ आधीच लोकांनी वापरून घेतलेली. म्हणून सुरुवातीचे दिवस बसूच नका. लगाम धरून तिच्याबरोबर चाला, वावरापर्यंत आणि परत. तुमचे वडील भरल्या गाठोड्यांबरोबर पायी चालत होते हे वाचलं तेव्हा वाटलं, तुम्हाला हे सांगायची गरजही नाही. चालताना ती कशाला बुजते, कुठे थांबते, पुलावर काय करते, सगळं कळतं.

बसाल तेव्हा ओट्यावरून किंवा दगडावरून बसा, जमिनीवरून रिकिबीत पाय घालून अंग वर खेचू नका. त्यानं खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि पाठीचा कणा पिळतो. माणूस आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. डॉक्टरांनी मापाचं सूत्र दिलंच आहे, ते लावून पाहा. म्हाताऱ्या घोडीला त्याहून कमी दिलं तर बरंच. घरी जुनं खोगीर ठेवलेलं असेल तर ते घालायचा मोह होईल. ते दुसऱ्या पाठीवर बसलेलं आहे. पाठीवर ठेवून कण्याच्या वर मोकळी जागा राहते का ते पाहा, हात घालून पाहा. बोटं अडकली तर ते नको.

आणि तिला एकटी ठेवू नका. घोडं कळपातलं जनावर आहे. वरातीच्या घोड्या बहुधा आणखी दोन-तीन घोड्यांबरोबर बांधलेल्या असतात, तुमच्याकडे येऊन एकदम एकटी पडेल. माझी घोडी पहिले काही दिवस खिंकाळत राहिली, चारा टाकून द्यायची. शेवटी एक बकरी तिच्याजवळ बांधली आणि ती शांत झाली. बैल शेजारी आहेत ते चांगलंच, पण सुरुवातीला मधे अंतर ठेवा, शिंगांचा भरवसा नाही.

वहिनींना विचारलंत का? तुम्ही बाहेरगावी गेलात तर दाणा-पाणी त्याच करणार.

---

बोरीचा बाजारकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. थोडं झालं ते सांगतो, आणि थोडं विचारायचं आहे.

ताई, बायकोला आधीच विचारलं होतं. तिचं म्हणणं, माणसं लावली नाहीत आणि मी स्वतः केलं तर तिची हरकत नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा तिनंच विचारलं की घोडीला पाणी पाजायचं, तर उभं कुठल्या बाजूला राहायचं. म्हणजे ती करणार आहे. मी तिला डाव्या खांद्याशी, अंगाला लागून उभं राहायला सांगितलं, आणि मागून जायचं झालं तर आधी आवाज देऊन पुठ्ठ्यावर हात ठेवत जायचं.

पागावाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसा न कळवता सकाळी गेलो. लीद घट्ट होती. मागचे पाय मालकानं विनातक्रार उचलून दाखवले, घोडीनंही दिले. गिट्टीवर दुडकी चालवली. पुढचा उजवा पाय वळताना जरा आखडतो, सरळ चालताना काही नाही. डॉक्टरसाहेब, हे वयाचं समजायचं की खुराचं? खूर त्या बाजूला बराच वाढलेला होता, टाच खाली बसलेली.

मोजमाप केलं. घेर १६४, लांबी १५२. हिशेबानं ३४४ किलो येतात. पाचवा हिस्सा ६९ च्या आत. माझं वजन ६१ आणि वडिलांचं खोगीर काट्यावर ठेवलं तर ९. एक किलो जास्त होतंय. शिवाय ते खोगीर तिच्या पाठीवर ठेवून पाहिलं, कण्यावर माझी दोन बोटंही आत जात नव्हती. मैनेची पाठ रुंद होती, हिची उभट आहे. तेव्हा ते खोगीर घरीच राहील. कोणाला हलकं, गादीचं खोगीर करून देणारा माहीत असेल तर सांगावं.

ग्लँडर्सच्या तपासणीला दलाल आधी तयार नव्हता. "एवढ्या वर्षांत कोणी मागितली नाही" म्हणाला. मी सांगितलं की तपासणीशिवाय पैसे नाहीत. मग मालकच म्हणाला करून घ्या, मलाही बाकीच्यांचं कळेल. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः येऊन त्यांच्याकडच्या सगळ्या घोड्यांचे नमुने घेतले. त्यांना हा धागा दाखवला, त्यांनी तो मोबाइलमध्ये ठेवून घेतला आहे.

---

निवृत्त पशुवैद्य, अकोला

वळतानाच आखडतो आणि त्याच बाजूचा खूर वाढलेला आहे, तर आधी खूर सारखा करा आणि चार-सहा आठवडे थांबा. त्यानं फरक पडला तर खुराचं होतं. खूर करण्याआधी आणि नंतर खुराला हात लावून बघा, एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का. गरम असेल आणि टाचेच्या वरची नाडी जोरात उडत असेल तर दाणा ताबडतोब बंद करून डॉक्टरला बोलवा, ते वेगळं दुखणं आहे. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. दातांवरचे अणकुचीदार कोपरेही त्याच डॉक्टरांकडून घासून घ्या. दाणा खाताना तोंडातून सांडतो का, लीदीत अख्खा हरभरा पडतो का, ते पाहून ठेवा.

वरातीच्या खाण्यावरून तुमच्या खाण्यावर आणताना आठ-दहा दिवस घ्या. तिथला थोडा चारा-दाणा बरोबर मागून आणा, आणि रोज थोडा कमी करत जा.

---

बोरीचा बाजारकरी

हात लावून पाहिला, दोन्ही खूर सारखेच थंड. कारंज्याच्या नालबंदाच्या नातवाला मी तिकडे बोलावलं होतं, त्यानं मालकाच्या दारातच चारही खूर केले. घोडी उभी राहिली शांत. त्याचं काम पाहून मालकानं बाकीच्या दोन घोड्यांचेही पाय करून घेतले.

मुरूम एक ट्रॉली आणून टाकला आहे, उतार पश्चिमेला काढला. टिनावर पऱ्हाट्या चढवल्या. तणनाशकाचं मी शेजारच्या तिघांशी बोललो. दोघांनी आमच्या सामाईक धुऱ्यावर मारायचं नाही असं कबूल केलं, तिसऱ्यानं सांगितलं की मारायच्या आधी निरोप देईन. तेवढ्या दोन धुऱ्यांचंच गवत कापणार. ज्वारीचं बी आणून ठेवलं आहे, अर्धा एकर पेरतो. पण तो कडबा हाती यायला फाल्गुन उजाडेल, तोपर्यंतचा चारा विकतच घ्यावा लागणार.

तपासणीचा निकाल आला की सौदा पक्का करीन. निकाल नीट आला तर तिला घरी आणायला टेम्पो करायचा, आणि डॉक्टरांनी प्रवासाचा दाखला द्यायचं कबूल केलं आहे. त्याआधी चारा घरात असला पाहिजे. दारव्हा, नेर, दिग्रस, कारंजा या बाजूला कोणाकडे ज्वारीचा चांगला कडबा असेल तर इथे लिहा. अख्ख्या पेंढ्या पाहिजेत, कुट्टी मी घरी करीन. पावसात भिजून काळा पडलेला नको. पाचशे पेंढ्यांपर्यंत घेतो, गाडीभाडं माझं.